झिनफॅन्डेल चाखताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत झिनफॅन्डेल या द्राक्षाच्या वाइनबद्दलची पत्रं सर्वात जास्त होती, म्हणून तीच एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

दोन बाटल्या आणल्या. दोन्हींवर ‘झिनफॅन्डेल’ लिहिलंय. एक गुलाबी आणि गोडसर निघाली, दुसरी गडद लाल आणि घशात जाळणारी. एकाच द्राक्षाच्या दोन वाइन इतक्या वेगळ्या कशा? — जळगाव

रंगाचं कारण सोपं आहे. झिनफॅन्डेलचं साल काळंजांभळं असतं, पण आतला रस जवळजवळ बिनरंगी असतो. साली रसात काही तासच ठेवून काढल्या की वाइन गुलाबी होते. आंबण्याच्या काळात आठ-दहा दिवस सालींसकट ठेवली की लाल होते, आणि सालीतला तुरटपणाही तिच्यात उतरतो.

चवीतला फरक मात्र घडापासून सुरू होतो. झिनफॅन्डेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवट, काही नेमके पिकलेले आणि काही सुकून मनुका झालेले, असं एकाच दिवशी दिसतं. तोडणी कधी करायची हा निर्णय म्हणूनच फार मोठा ठरतो. लवकर तोडलं तर आंबटपणा टिकतो, रासबेरी-स्ट्रॉबेरीकडे झुकणारा लाल फळांचा वास येतो आणि अल्कोहोल बेताचं राहतं. हिरवे मणी पिकण्याची वाट पाहिली, तर तोवर बाकीच्यांच्या मनुका होतात. वास जांभूळ, मुरंबा, खजूर यांच्याकडे सरकतो आणि अल्कोहोल चढतं.

ढोबळ हिशेब असा : रसातली साखर २३ ब्रिक्स (वजनाने शेकडा साधारण २३ भाग) असेल, तर साधारण १३ ते साडेतेरा टक्के अल्कोहोल होतं. २७ ब्रिक्सला ते साडेपंधराच्या वर जातं. त्यात झिनफॅन्डेलची एक खोड आहे. सुकलेल्या मण्यांमधली साखर तोडणीच्या दिवशी मोजणीत पूर्ण येत नाही. टाकीत एक-दोन दिवस भिजल्यावर ती सुटते आणि ब्रिक्सचा आकडा वर जातो. बेत चौदा टक्क्यांचा असतो, वाइन पंधराच्या पुढे निघते. कधी इतकं अल्कोहोल झाल्यावर यीस्ट दमतं, आंबणं मध्येच थांबतं आणि साखर शिल्लक राहते.

गोड गुलाबी प्रकार गाजला तोही आंबणं असं अडकल्यामुळेच. कॅलिफोर्नियातल्या सटर होम या वायनरीत लाल वाइन दाट व्हावी म्हणून थोडा गुलाबी रस आधीच काढून घेत आणि वेगळा आंबवत. १९७५ मध्ये त्या रसाचं आंबणं मध्येच अडकलं, वाइन गोडसर राहिली आणि लोकांना ती फार आवडली. अमेरिकेत तिला ‘व्हाइट झिनफॅन्डेल’ म्हणतात, रंग गुलाबी असला तरी. तिच्यात अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि गोडवा स्पष्ट लागतो. आपल्या नाशिकच्या झिनफॅन्डेल रोझे (म्हणजे गुलाबी वाइन) सहसा तिच्यापेक्षा कमी गोड असतात.

आम्ही आठ मित्र घरीच झिनफॅन्डेलचे वेगवेगळे प्रकार शेजारी ठेवून चाखणार आहोत. किती बाटल्या, कोणता क्रम, काय काय लागेल? — धुळे

चार बाटल्या पुरे. पाचवी-सहावी आणली की जीभ थकते आणि सगळ्या सारख्याच लागू लागतात. निवड अशी करा : एक नाशिकची रोझे, एक नाशिकची लाल, एक कॅलिफोर्नियाची आणि एक इटलीची प्रिमिटिवो (हे झिनफॅन्डेलचंच इटलीतलं नाव, खुलासा पुढे आहे). शेवटच्या दोन बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबईहून मागवाव्या लागतील. कॅलिफोर्नियाची घेताना लेबलवर गावाचं नाव बघा. ड्राय क्रीक व्हॅली असेल तर लाल फळं, काळी मिरी आणि आंबटपणाचा चांगला कणा अपेक्षित धरा. लोडाय असेल तर मऊ, पिकलेली, कमी आंबट. पासो रोबल्स असेल तर भरदार आणि अल्कोहोलने तापट. शक्य असेल तर ड्राय क्रीक आणि लोडाय अशा दोन्ही आणा आणि प्रिमिटिवो पुढच्या वेळेसाठी ठेवा. दोन तऱ्हांमधला फरक या जोडीत सर्वात स्वच्छ दिसतो.

माप माणशी प्रत्येक वाइनचं ४० मिली. आठ जणांना ३२० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतली निम्म्याहून जास्त शिल्लक राहते. ती जेवणासोबत पुन्हा चाखता येते. चार घोटांचे मिळून माणशी १६० मिली होतात आणि पंधरा टक्क्यांच्या वाइनला ते थोडे नाहीत. प्रत्येकापुढे थुंकायला कागदी पेला ठेवा. वाइन चाखणारे जाणकार थुंकतातच, त्यात संकोच नको. परतीला गाडी चालवणाऱ्याने तर सगळंच थुंकावं.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते हवेत, आणि सगळे एकाच आकाराचे. माणशी दोन असले तरी भागतं, दोन-दोनच्या जोड्या लावा. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवून उघड्यावर निथळत ठेवा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि डांबरगोळीचा वास धरतात. ज्या खोलीत बसणार तिथे उदबत्ती, फोडणी, अत्तर नको. कूलर चालू असेल तर वाळ्याच्या ताट्यांचा वास वाइनच्या वासावर बसतो, त्या तासाभरासाठी पंखाच बरा. गुटखा, पान, बडीशेप आदल्या दोन तासांत नको.

आता तापमान. खानदेशात घरच्या वाइनची चव सर्वात जास्त याच ठिकाणी बिघडते. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्या ३५ अंशांच्या खोलीतली झिनफॅन्डेल ओतली की आधी अल्कोहोलचा भपका येतो, मग काहीच कळत नाही. लाल झिनफॅन्डेल १५ ते १७ अंशांना हवी, रोझे ८ ते १० ला. थर्मामीटर नसेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. ३५ अंशांची लाल बाटली साधारण १० ते १५ मिनिटांत बेतात येते, रोझेला २० ते २५ मिनिटं लागतात. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात, पाणी सगळीकडून टेकतं. फ्रिजमध्ये हेच काम करायला लाल बाटलीला दोनेक तास लागतील. आणि ग्लासात वाइन पटकन तापते, म्हणून लाल बाटली १४ अंशांवर असतानाच ओतायला सुरुवात करा.

ज्यांना तापमानाचं हे म्हणणं पटत नसेल, त्यांनी एकाच बाटलीतली वाइन दोन ग्लासांत घ्यावी, एक थंड करून, एक खोलीत अर्धा तास ठेवून. थंड ग्लासात मिरी आणि रासबेरी वेगवेगळी ओळखू येतात. कोमट ग्लासात नाक चुरचुरतं आणि मागे मुरंब्यासारखा एकच जड वास उरतो. वाइन तीच, बाटली तीच.

क्रम हलक्याकडून जडाकडे, म्हणजे लेबलवरचं अल्कोहोल कमी ते जास्त. अपवाद एकच : गुलाबी बाटली स्पष्ट गोड असेल तर ती शेवटी घ्या. गोड घोटानंतर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, लाल वाइन उगाचच आंबट आणि कडवट लागते. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घाला, किंमत आणि लेबल दिसलं की मत आधीच तयार होतं. लेबलवरचा टक्काही थोडा सैल धरा : अमेरिकेत १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला छापील आकड्यात एका टक्क्याची सूट असते. १४.९ लिहिलेली बाटली प्रत्यक्षात साडेपंधराचीही असू शकते.

चाखताना ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट कड म्हणजे वाइन ताजी, विटकरी म्हणजे मुरलेली किंवा तापलेली. ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग फिरवून पुन्हा. पहिल्या वासात हलका, उडून जाणारा भाग येतो. नेलपॉलिशसारखा दोष असेल तर तो इथेच कळतो. हा दोष झिनफॅन्डेलमध्ये नवलाचा नाही. घड गच्च असतो, मणी एकमेकांना दाबून फुटतात, तिथे जिवाणू शिरतात आणि त्याचा माग वाइनमध्ये राहतो. अगदी पुसट असेल तर चालवून घेता येतं, पण फळाच्या आधी तोच येत असेल तर ती बाटली सदोष.

वासांची नावं शोधताना परदेशी यादी पाठ करायची गरज नाही. तुती, करवंद, जांभूळ, सुकवलेलं बोर, मनुका, खजूर, काळी मिरी, लवंग, कोको एवढ्यातून झिनफॅन्डेलचं जवळपास सगळं सांगता येतं. नारळाचा किंवा व्हॅनिलाचा वास आला तर तो द्राक्षाचा नाही. अमेरिकन ओकच्या पिंपातून तो येतो.

घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा आणि चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा. घोट गेल्यावर जबड्याच्या कडेला लाळ सुटते तो आंबटपणा. हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते तो तुरटपणा. घशाखाली ऊब जाते ते अल्कोहोल. चौथा गोडवा, आणि झिनफॅन्डेलमध्ये सर्वात जास्त फसगत इथेच होते. पिकल्या फळाचा वास मेंदूला गोडच वाटतो, त्यामुळे साखर नसलेली वाइनही गोड म्हणून नोंदली जाते. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. तरीही गोड लागली तर साखर आहे. गोडवा गेला आणि आंबट-तुरटच उरलं, तर तो वासाचा खेळ होता. अल्कोहोलचीही किंचित गोडसर छटा असते, म्हणून अगदी पुसट गोडव्यावर साखरेचा शिक्का मारू नका. शेवटी चव किती वेळ टिकते ते मोजा. दोन-तीन सेकंदांत संपली तर वाइन साधी. दहाच्या पुढे गेली आणि त्यात मिरी-फळ टिकून राहिलं, नुसती जळजळ नाही, तर चांगली.

दोन वाइनच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाची कोरडी पोळी किंवा पाव. शेव, कांदा, लोणचं चाखून झाल्यावर.

आमचा कौल विचाराल तर झिनफॅन्डेलची सर्वात चांगली तऱ्हा मधली : साडेतेरा ते साडेचौदा टक्के, जिच्यात फळ भरपूर आहे आणि आंबटपणाही जागा आहे. सोळा टक्क्यांची पहिल्या घोटाला बाजी मारते, पण दुसरा ग्लास संपत नाही. आंधळ्या चाखणीत हे स्वतः पाहा : पहिल्या फेरीत कोणाला जास्त मतं पडली आणि जेवणासोबत कोणती बाटली आधी रिकामी झाली.

मे महिनाभर एक लाल झिनफॅन्डेल कपाटात राहिली. आता मुरंब्यासारखा वास येतोय. ती बिघडली की मुळातच तशी आहे? — भुसावळ

मुरंब्यासारखा वास हा अति पिकलेल्या झिनफॅन्डेलचा स्वभावही असतो आणि तापून शिजलेल्या वाइनची खूणही. दोन्ही वेगळे करता येतात. आधी बाटली बघा : बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलंय का, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी मानेत खाली गेली आहे का. उष्णतेने वाइन फुगते आणि बुचाला ढकलते. फिरकीचं झाकण असेल तर या खुणा मिळणार नाहीत, मग ग्लासावर भिस्त ठेवा. पिकलेल्या पण निरोगी वाइनमध्ये मुरंब्यासोबत ताज्या फळाचा एखादा धागा असतो, मिरी असते, कड जांभळट-लाल असते. शिजलेल्या वाइनमध्ये फळ सपाट होतं, उकडलेल्या मनुकांचा आणि जळक्या साखरेचा वास येतो, कड विटकरी होते आणि शेवटी कडवटपणा उरतो. तीच वाइन दुकानातून नव्याने आणून शेजारी ठेवलीत तर शंका उरणार नाही.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. भिंतीतलं कपाट रात्रीही थंड होत नाही. मार्च ते जूनअखेर बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिन्यांसाठी ते पूर्ण सुरक्षित आहे. खरेदीही शक्यतो फेब्रुवारीपर्यंत उरका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटलीचे दोन-तीन तास म्हणजे कपाटातल्या महिन्याइतकंच नुकसान होऊ शकतं.

रोझेला चक्क केळीचा वास येतो. भेसळ असेल का? — रावेर

नाही. पिकत्या केळीला ज्या द्रव्यामुळे वास येतो ते आयसोअमाइल अ‍ॅसिटेट यीस्टही तयार करतं, विशेषतः रस कमी तापमानात आंबवला की. ताज्या गुलाबी आणि पांढऱ्या वाइनमध्ये तो येतोच, आणि काही महिन्यांत विरतो. फक्त केळीच येत असेल आणि फळाचा पत्ताच नसेल, तर वाइन फार तरुण आहे एवढंच म्हणा.

प्रिमिटिवो आणि झिनफॅन्डेल एकच म्हणतात, खरं का? आणि लेबलवर ‘ओल्ड व्हाइन’ असलं की जास्त पैसे द्यावेत का? — अमळनेर

खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ यांनी क्रोएशियातल्या संशोधकांसोबत डीएनए तपासणीतून याचा छडा लावला. इटलीतल्या पुलियाची प्रिमिटिवो, अमेरिकेतली झिनफॅन्डेल आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की हे एकच वाण ठरलं. २००१ मध्ये क्रोएशियातल्या वेलींवर त्याची खात्री पटली. चवीत मात्र फरक पडतो. प्रिमिटिवोचा घड थोडा सुटा असतो आणि लवकर पिकतो. वाइनमध्ये वाळलेली फळं आणि मातकट छटा जास्त, रसरशीत लाल फळं कमी.

‘ओल्ड व्हाइन’ म्हणजे जुने वेल, बाटली जुनी नव्हे. अमेरिकेत त्याची कायदेशीर व्याख्या नाही. तिथले जाणकार पन्नास वर्षांच्या पुढचे वेल जुने मानतात, पण छापायला कोणाची मनाई नाही. त्यामुळे नुसत्या त्या दोन शब्दांसाठी पैसे देऊ नका. बागेचं नाव आणि लागवडीचं साल दिलेलं असेल तर द्या. तशा बागांमध्ये झिनफॅन्डेलसोबत पेटीट सिरा, कारिन्यान, अलिकांते बुशे हे वेल एकत्र लावलेले असतात आणि एकत्रच तोडले जातात. लेबलवर झिनफॅन्डेल लिहायला ७५ टक्के पुरतं. बाकीच्या पंचवीस टक्क्यांमधून बऱ्याचदा रंग आणि कणा येतो.

शेवभाजी, काळ्या मसाल्याचं मटण, भरीत यांच्यासोबत कोणती? — चोपडा

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चेतवतात. काळ्या मसाल्याच्या मटणावर पंधरा टक्क्यांची झिनफॅन्डेल घेतलीत तर मसाल्याची चव मरते आणि जाळ तेवढा उरतो. शेवभाजीच्या तर्रीला थंडगार, किंचित गोड रोझे द्या, गोडवा तिखटाला आवरतो. मटणाला तेरा टक्क्यांच्या आसपासची लाल, १४ अंशांपर्यंत थंड करून. आणि रस्सा नेहमीपेक्षा कमी तिखट ठेवता आला तर ठेवा. भरताला मात्र लाल झिनफॅन्डेल मनापासून जमते. तुऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर आणि वाइनमधली मिरी एकमेकांना धरून राहतात. हिरवी मिरची बेताची, सोबत कळण्याची भाकरी. पुरणाच्या मांड्यांसोबत कोरडी लाल अजिबात नको, आंबट-कडू लागेल.

साक्री तालुक्यात शेती आहे. झिनफॅन्डेलची बाग लावावी का? — एक शेतकरी

आधी वायनरीशी लेखी करार, मग खड्डे. वाइनचं द्राक्ष बाजारात खायचं म्हणून विकलं जात नाही. करारात ब्रिक्स किती, सडके मणी किती टक्के चालतील आणि तोडणीचा दिवस कोण ठरवणार हे स्पष्ट हवं. झिनफॅन्डेलला याच तीन मुद्द्यांवर वाद होतात.

नाशिकसारखंच तुमच्याकडेही एप्रिलची खरड छाटणी (काड्या तयार करायची) आणि पावसाळा सरल्यावरची गोडी छाटणी (फळ धरायची) अशा दोन छाटण्यांवर एक पीक येईल. गोडी छाटणी लांबली तर पिकण्याचा काळ मार्चच्या उन्हात जातो. साखर झपाट्याने चढते, रात्री गरम राहिल्याने आंबटपणा जळतो आणि मनुका वाढतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, जळगाव सुमारे २०० वर. हा फरक रात्रीच्या गारव्यात दिसतो. म्हणून सह्याद्रीकडेच्या उंच, निचऱ्याच्या हलक्या जमिनीतच विचार करा. तापीकाठची काळी भारी जमीन याला नाही. घड गच्च असल्याने आत हवा खेळत नाही आणि अवकाळी पावसात मधले मणी सडतात. मणी ज्वारीएवढे असतानाच घडाचे खांदे, म्हणजे वरचे बाजूचे फाटे, काढून टाका, घडांजवळची पानं विरळ करा. पण दुपारचं ऊन येतं त्या पश्चिमेच्या बाजूची पानं राहू द्या, नाहीतर मणी भाजतात. रंग भरताना मागे राहिलेले हिरवे घड सरळ तोडून टाका. उत्पन्न कमी दिसेल, पण एकसारखा माल जाईल.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते? — शहादा

झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. रोझे तीन-चार दिवस, लाल झिनफॅन्डेल तीन दिवस. आडवी ठेवली तर हवेला टेकणारा पृष्ठभाग वाढतो. निम्मी उरणार हे आधीच ठाऊक असेल तर बाटली उघडल्याबरोबर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा, आठवडाभर जाईल. लाल असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, उन्हाळ्यात पंधरा मिनिटं आधी.